आधी संडास ठरवा, मग रस्ता

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या एका गावात, भाड्याच्या आरव्हीमध्ये सामान भरत होतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत झोपायला जागा, शेगडी, फ्रीज, हीटर आणि एका अरुंद दाराआड कमोड. मुलाला आणि सुनेला नाताळच्या सुट्टीत मिशिगनच्या बर्फातून फ्लोरिडाच्या उन्हात जायचं होतं. सहा वर्षांच्या नातीला समुद्र पाहायचा होता. मी आणि माझे यजमान, दोघंही पासष्टीच्या पुढचे, 'न्याल तिकडे येऊ' म्हणणारे. आय-७५ हा महामार्ग धरून ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया आणि मग फ्लोरिडा, असा सुमारे १,९०० किलोमीटरचा रस्ता होता.

गाडी देणाऱ्या माणसानं किल्ली हातात ठेवताना एक गोष्ट दोनदा सांगितली. "गाडी विंटराइझ केलेली आहे. थंडीचा पट्टा ओलांडेपर्यंत टाकीत पाणी भरायचं नाही, नळ उघडायचा नाही." सिंकखालच्या कप्प्यात गुलाबी द्रवाचे दोन कॅन होते, तेही त्यानं दाखवले. मुलानं मान हलवली. ते कॅन कशासाठी आहेत, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

त्याआधीचा आठवडाभर घरात या प्रवासाचीच चर्चा होती. मुक्काम कुठे करायचा, इंधन कुठे भरायचं, वाटेत शाकाहारी काय मिळेल, डोशाचं पीठ न्यायचं की नाही. पाच माणसं दोन दिवस शौचाला कुठे जाणार, हा विषय मात्र एकदाही निघाला नाही. मी चाळीस वर्षं दवाखाना चालवला आहे. शरीराच्या कुठल्याही कामाबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही, अशी माझी समजूत होती. मुलासमोर आणि सुनेसमोर तो वाटला, आणि त्याची किंमत मीच मोजली.

गाडीतलं पाणी का काढतात?

'विंटराइझ' करणं म्हणजे कडक थंडी सुरू होण्यापूर्वी गाडीच्या पाण्याच्या सगळ्या टाक्या, नळ्या, पंप आणि हीटर रिकामे करणं. कारण शाळेत शिकलेलंच आहे. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी मात्र सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. बंद नळीत त्याला फुगायला जागा मिळत नाही, मग नळी, जोड किंवा पंप फुटतो. म्हणून नळ्यांतलं पाणी हवेच्या दाबानं बाहेर काढतात, किंवा त्यांत न गोठणारा द्रव भरतात. सिंकखालच्या वाकड्या नळीत आणि कमोडच्या झडपेवरही तोच द्रव थोडासा ओततात.

तो गुलाबी द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. हा पदार्थ माणसाला फारसा अपायकारक नाही. काही खाद्यपदार्थांत आणि औषधांतही तो वापरतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायचं शीतक बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, आणि ते मात्र विष आहे. चवीला गोड लागतं, शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. नावातल्या साम्यावर जाऊ नये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली १४ रुग्ण दगावले, ते याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे. आरव्हीच्या नळ्यांसाठी म्हणून विकला जाणारा, प्रॉपिलीन ग्लायकॉलचाच द्रव वापरायचा आणि तोही मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा.

अशा गाडीत कमोड असतो, पण फ्लशला पाणी नसतं. त्याखाली मैल्याची टाकी असते, ती बहुधा गाडीच्या तळाशी, वाऱ्यावर. लघवीतही मुख्यतः पाणीच असतं. ती शून्याच्या खाली एखाद-दोन अंशांवर गोठू लागते. म्हणजे बाहेर उणे दहा असताना टाकीत काहीही गेलं, तरी ते दगड होऊन बसणार. तसं होऊ नये म्हणूनच ते दोन कॅन होते. वापर झाला की थोडा द्रव कमोडमध्ये ओतायचा, तोच फ्लश आणि तोच गोठणरोधक. त्यात साधं पाणी मिसळलं की तो पातळ होतो आणि त्याचा उपयोग तेवढा कमी होतो.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं.

केंटकीतली रात्र

पहिल्या दिवशी आम्ही महामार्गावरच्या विश्रांतिस्थळांवर आणि पेट्रोलपंपांवर भागवलं. ती ठिकाणं स्वच्छ होती, फुकट होती. पण पाच जणांच्या गरजा एका वेळी येत नाहीत. यजमानांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांना दर दीड तासानं जावं लागतं. तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावताना त्यांचा चेहरा पडला होता. मग मी ठरवलं की निदान माझ्यासाठी तरी थांबायला लागू नये. सकाळी एक कप चहा घेतला होता, त्यानंतर रात्रीपर्यंत मी जेमतेम दोन पेले पाणी प्याले. तहान लागली तर नुसते ओठ ओले करायचे. प्रवासात हे मी आयुष्यभर करत आले आहे. बहुतेक बायका करतात.

रात्री केंटकीत एका कॅम्पच्या मैदानावर मुक्काम केला. हिवाळ्यामुळे तिथलं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं आणि बाहेरचे नळ बंद केलेले होते. थंडीच्या पट्ट्यात अशी बरीच मैदानं हिवाळ्यात निम्मी मिटलेली असतात, हेही आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळलं. पहाटे यजमान उठले, गाडीतल्या कमोडवर बसले आणि जन्माच्या सवयीनं पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन त्यांनी धुतलं. वर संकोच वाटून आणखी एक बाटली ओतली. सकाळी मुलानं टाकीचा व्हॉल्व्ह हलवून पाहिला, तर तो जागचा हलेना. पाणी व्हॉल्व्हपाशी जाऊन गोठलं होतं. "बाबा, पाणी ओतायचं नव्हतं," मुलगा म्हणाला. हे काही बोलले नाहीत. दिवसभर तेही पाणी प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चट्टानूगाच्या आसपास ऊन पडलं आणि व्हॉल्व्ह सुटला. संध्याकाळी जॉर्जियात शिरलो तेव्हा मला लघवीला जळजळ सुरू झाली होती. रात्री थंडी वाजून ताप आला. नाताळच्या आदल्या दिवशी, परक्या गावातल्या तातडीच्या दवाखान्यात, मी माझ्याहून तीस वर्षांनी लहान डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात किती पाणी प्यालात?" हा प्रश्न मी स्वतः किती बायकांना विचारला असेल, याची गणती नाही.

शरीराला लाज कळत नाही

लघवीची पिशवी साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर धरते. तिच्या निम्म्याच्या आसपास भरली की पहिली जाणीव होते. ती दाबता येते, आणि अधूनमधून दाबल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन गोष्टी एकत्र आल्या की: पाणी कमी पिणं आणि तासन्‌तास धरून ठेवणं. मूत्रमार्गात शिरलेले जंतू लघवीच्या धारेबरोबर वाहून जातात, ही शरीराची सगळ्यात साधी संरक्षणव्यवस्था आहे. धारच नसेल तर त्यांना वाढायला वेळ मिळतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा त्याच्या पाचपट. त्यामुळे हा त्रास बायकांना अधिक होतो. आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या बायकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

पाण्यानं खरंच फरक पडतो का? वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला. ज्यांनी सवय बदलली नाही त्यांना ३.२ वेळा. औषध एकच, पाणी.

त्यात थंडीची भर पडते. गारठ्यात त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे वळतं, मूत्रपिंडांना वाटतं की पाणी जास्त झालं आहे आणि ती लघवी वाढवतात. म्हणजे थंडीत जास्त लघवी होणं हा काही दुबळेपणा नव्हे, ते शरीराचं नेहमीचं काम आहे. त्याच वेळी थंडीत तहान कमी लागते, गाडीच्या हीटरनं हवा कोरडी होते, आणि वयानुसार तहानेची जाणीव मुळातच मंदावते. साठीपुढचा माणूस हिवाळ्याच्या प्रवासात तहानेवर विसंबून राहिला तर तो कोरडा पडणार, हे ठरलेलं.

शौचाचंही तेच. सकाळी आणि जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, तीच त्याची वेळ. ती दोन-तीनदा टाळली की कळ निघून जाते, मळातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. प्रवासातली बद्धकोष्ठता बऱ्याचदा 'पाणी मानवलं नाही' म्हणून होत नाही, 'जागा मानवली नाही' म्हणून होते.

आणखी एक गोष्ट. थांबे टाळणं म्हणजे सलग बसून राहणं. चार तासांहून अधिक काळाच्या प्रवासानंतर पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं आहे. ते विमानालाच नव्हे, मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. निरोगी माणसाला हा धोका मुळात लहान असतो, पण वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. आमच्या यजमानांचे दर दीड तासाचे थांबे खरं तर आम्हा सगळ्यांच्या पायांवर उपकार करत होते. आम्ही त्यांनाच अपराधी वाटू दिलं.

हिशेब एका बादलीचा

माझं म्हणणं असं आहे की अशा प्रवासात अडचण मैल्याची नसते. अडचण असते पाण्याच्या सवयीची आणि न बोलण्याची. हिशेब करून पाहा. मोठा माणूस दिवसाला साधारण दीड लिटर लघवी करतो आणि पाव किलोच्या आत मळ. आम्हा पाच जणांची दिवसाची लघवी सहा-सात लिटर, मळ एक किलोच्या आसपास. घरचा फ्लश एका वेळेला सहा लिटर पाणी वापरतो. पाच माणसांचा दिवसाचा सगळा ऐवज एका बादलीत मावतो. बाकी सगळं आपण ओतलेलं पाणी असतं. पाणी नसलेल्या गाडीत सोय करणं म्हणूनच अवघड नाही. फक्त ती आधी ठरवावी लागते.

परतीच्या प्रवासात आम्ही ती ठरवली. कशी, ते सांगते, कारण नेमका हाच तपशील कुणी कुणाला सांगत नाही.

लघवी आणि मळ वेगळे ठेवायचे. दुर्गंधीचं मुख्य कारण हे दोन्ही एकत्र येण्यात आहे: मळातले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. लघवीसाठी घट्ट झाकणाचं भांडं ठेवायचं. रुग्णालयात वापरतात तशी लघवीची बाटली पुरुषांसाठी मिळते, स्त्रियांसाठीही वेगळ्या तोंडाची मिळते. हे भांडं पुढच्या थांब्यावर संडासात रिकामं करता येतं. ते गाडीच्या गरम भागात ठेवायचं, नाहीतर तेही गोठतं.

मळासाठी कमोडवर किंवा बैठक लावलेल्या बादलीवर दुहेरी पिशवी लावायची. त्यात एक भुकटी टाकतात, ती लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच: सोडियम पॉलिॲक्रिलेट. आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ती त्याची जेली करते. भुकटी नसेल तर लाकडाचा भुसा चालतो. पिशवीला गाठ मारून ती दुसऱ्या पिशवीत घालायची. अमेरिकेत अशा बांधलेल्या पिशव्या बहुतेक ठिकाणी डायपरप्रमाणे कचऱ्यात टाकता येतात. तरी त्या त्या जागेचा नियम विचारून घ्यावा.

आता धुण्याचा प्रश्न, जो इंग्रजी माहितीपत्रकात कधीच नसतो. कागदावर भागत नाही, हे मी आमच्या पिढीच्या वतीनं मान्य करते. पिळून बारीक धार सोडता येते अशी बाटली घ्यायची, कोमट पाणी भरून आतच ठेवायची. नेम धरून वापरलं तर शंभर-दीडशे मिलिलिटर पाण्यात काम होतं. ते पाणी पिशवीतल्या भुकटीत पडू द्यायचं, टाकीत नाही. आधी कागदानं पुसून मग धुतलं तर त्याहून कमी लागतं. ओले रुमाल वापरले तर ते कचऱ्यात, कमोडमध्ये कधीही नाही. पाळीच्या पॅडचंही तसंच. त्यासाठी वेगळी बंद पिशवी पहिल्या दिवसापासून लावून ठेवायची, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही.

गाडीतली मैल्याची टाकी वापरायचीच असेल, तर गुलाबी द्रव टाकून वापरायची, आणि नेमून दिलेल्या उपसा केंद्रावरच रिकामी करायची. ती केंद्रंही हिवाळ्यात बंद असू शकतात, म्हणून आधी फोन करायचा.

हातांकडे दुर्लक्ष नको. नळ नसला तरी पाच लिटरचा तोटीचा कॅन आणि एक घमेलं आत ठेवता येतं. साबण आणि पाणी यांना पर्याय नाही. निर्जंतुक करणारं जेल सोयीचं असलं तरी उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, ते पुरेसं काम करत नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी तीन गोष्टी जास्तीच्या. रात्री अंथरुणाजवळ लघवीचं भांडं असावं. अंधारात, बर्फावरून बाहेर जाणं म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ आहे. उबदार अंथरुणातून एकदम उठून उभ्यानं लघवी करताना काहींचा रक्तदाब घसरून भोवळ येते, म्हणून दोन मिनिटं बसून मग उठावं आणि बसूनच करावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती प्रवासासाठी मनानं बंद करू नये. वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावं. आणि चालत्या गाडीत उठून संडासात कुणीच जाऊ नये. गाडी थांबवायची, त्यासाठीच तर ती आपली असते.

गोठलं म्हणजे संपलं नाही

थंडीत एक गैरसमज हमखास होतो. 'बाहेर एवढा बर्फ आहे, टाकलं झाडामागे तर काय बिघडलं? गोठून जाईल.' गोठल्यानं जंतू मरतातच असं नाही. प्रयोगशाळेत जंतू टिकवायचे असतात तेव्हा ते गोठवूनच ठेवतात. बर्फात टाकलेला मैला मार्चपर्यंत जसाच्या तसा राहतो आणि बर्फ वितळलं की ओढ्याला लागतो. थंडीत कुजणंही थांबतं, त्यामुळे 'खत करणारा' म्हणून विकलेला संडास हिवाळ्याच्या आठ दिवसांच्या सहलीत खत करत नाही, नुसता साठवतो. साठवणंही चांगलंच आहे, पण ते कुठेतरी नेऊन रिकामं करण्याची जबाबदारी आपल्याकडे राहते.

कोरड्या संडासाला आपण मागासलेपणाची खूण समजतो, हेही तपासायला हवं. लडाखच्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर एक भोक आणि शेजारी मातीचा ढीग असतो. वापर झाला की फावडंभर माती लोटायची. खालच्या खोलीत साठलेलं उन्हाळ्यात शेतात जातं. लेहमध्ये हिवाळ्यात नळ गोठतात तेव्हाही हा संडास चालूच राहतो. आपल्याकडे अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग केले. 'सोनखत' हा शब्दच सांगतो की मराठी शेतकऱ्याला या वस्तूचं मोल ठाऊक होतं.

मात्र एक भेद विसरून चालणार नाही. आपल्या देशात कोरडा संडास म्हटलं की तो साफ करणारा माणूस दुसरा कुणीतरी असतो आणि त्याची जात ठरलेली असते. २०१३च्या कायद्यानं हातानं मैला उचलायला लावणं हा गुन्हा ठरवला, तो त्यासाठीच. तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून अप्पासाहेबांनी १९३२ साली उपवास केला होता. त्यांचा आग्रह संडासाच्या रचनेइतकाच तो कोण साफ करतो याबद्दल होता. आरव्हीत हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तिथे दुसरं कुणी नसतंच. परतीच्या वाटेवर पिशव्या बांधण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. पहिली पाळी यजमानांनी मागून घेतली. आयुष्यात त्यांनी कधी संडास घासला नव्हता. हातमोजे घालून, नाकाला रुमाल लावून त्यांनी पिशवी बांधली, कचरापेटीत टाकून आले आणि म्हणाले, "एवढंच होतं होय!"

बोलायला हवं ते आधीच

फ्लोरिडात प्रतिजैविकं घेऊन मी चार दिवसांत बरी झाले. समुद्र नातीनं पाहिला, मी खिडकीतून. परत निघण्याच्या आदल्या रात्री सुनेनं वही काढली आणि म्हणाली, "आई, आधी संडासाचं ठरवू, मग रस्त्याचं." तिनं सगळ्यांना विचारलं: कुणाला किती वेळानं लागतं, रात्री कोण उठतं, कुणाला काय लाजिरवाणं वाटतं. नातीनं सांगितलं की तिला बादलीची भीती वाटते, आत पडायची. तिच्यासाठी लहान बैठक आणली. मी सांगितलं की माझ्यासाठीही गाडी थांबवावी लागेल. एवढं एक वाक्य उच्चारायला मला सत्तरी जवळ यावी लागली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. टेनेसीत एक पिशवी नीट बांधली गेली नाही, त्याची आठवण अजून निघते. पण पाणी सगळ्यांनी प्यायलं आणि कुणी आजारी पडलं नाही.

हिवाळ्यातली आरव्ही आपल्यापैकी थोड्यांच्याच वाट्याला येते. मुलाबाळांकडे परदेशी जाणारे आईवडील आता पुष्कळ आहेत, त्यांच्या ती येईलही. पण नाशिकहून नागपूरला रात्रभर बसनं जाणारी बाई दुपारपासूनच पाणी तोडते, तेव्हा ती तेच करत असते जे मी ओहायोत केलं. माझ्या दवाखान्यात अशा बायका दर सुट्टीनंतर यायच्या. मी त्यांना औषध द्यायचे आणि 'पाणी पीत जा' म्हणायचे. पाणी प्यायल्यावर जायचं कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न मी कधी विचारला नाही. आता विचारते. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक घरात तो निघण्याआधी विचारला जावा, आणि तो विचारणारी व्यक्ती दर वेळी घरातली बाईच असू नये, एवढीच अपेक्षा.